बाजेखालची भुई

ह्या बाजेला नावं ठेवायची न्हाईत, आधीच सांगते. करकरती, मान्य हाय. एक पाय आखूड हाय, तेबी मान्य. पण सूनबाई परवा म्हणली, आत्या, ही चुलीत घालू, लोखंडी पलंग आणू. मी म्हणलं, बये, आधी मला घाल चुलीत, मंग बाजेला हात लाव. माझ्या बापानं लग्नात दिलेली बाज हाय ही, माहेरच्या बाभळीची. आन् चार गड्यांनी धरून ही जित्या माणसाच्या डोक्यावरनं वर काढलीय. परभणी जिल्ह्यात असली दुसरी बाज दाखव, मंग बोल.

तिनं विचारलं, कुणाच्या डोक्यावरनं? तवा मला अक्काचं सगळं सांगावं लागलं. तुमीबी आलात तर बसा.

अक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, दैवशाला. चारठाण्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं दोन भावांचं एक घर. थोरले आश्रुबा, अक्काचे मालक, आन् धाकटे लिंबाजी, माझे. आश्रुबा मला भाया लागायचे. भायासमोर आमी तोंड उघडत न्हवतो. पदर नाकापर्यंत, आन् त्यांनी दारात खाकरलं की आमी चुलीआड. इतकी वर्षं एका घरात राहिले, पण त्या माणसाशी माझं सरळ एक अक्षर बोलणं झालं न्हवतं. काय सांगायचं ते अक्काला सांगायचं, अक्का त्यांना सांगायची, आन् मधल्या मधी चार शब्द आपले घालायची.

लय हट्टी बाई. दिसायला एवढीशी, पण एकदा न्हाई म्हणली की ब्रह्मदेव आला तरी न्हाई. मातीच्या कामात तर तिचा हात धरणारं कुणी न्हवतं. गावात चूल घालायची असो, ओटा घालायचा असो, भिंत पोतरायची असो, अक्काला बोलावणं यायचं. पांढरीची, म्हंजे गावठाणातली माती, शेण आन् भुसा कालवून ती असा गोळा करायची की वाळल्यावर चीर शोधून सापडायची न्हाई. मी म्हणायची, अक्का, तुमी मागल्या जन्मी कुंभारमाशी होता. ती म्हणायची, आन् तू कोण होतीस ते सांगू का? मंग मी कामाला लागायची.

आता भायांचं एक सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. ते बाजेवर झोपत न्हवते. थंडी असो, विंचू-काटा निघो, भुईवर घोंगडं टाकून पडायचे. कारण त्यांचा बाप बाजेवर मेला होता. रझाकाराच्या धामधुमीत एका सांजेला अख्खं गाव रानात जाऊन लपलं. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, हलवता येईना. तोच म्हणला, तुमी जावा, मला कोण काय करतंय? खरंच कुणी काय केलं न्हाई. पण घरचे परत आले तवा म्हातारा आपल्या मरणानं गेलेला होता. तोंडात पाणी न्हाई, पाठीखाली भुई न्हाई.

आमच्याकडं माणूस जायला आला की त्याला खाली घेतात. सारवलेल्या भुईवर, तोंडात तुळशीचं पान आन् गंगेचं पाणी. बाजेवर जीव गेला तर ती बाज पाठीला चिकटती आन् मेलेल्याला ती वाहत फिरावं लागतं, असं म्हणायचे. हे भायांना कुणी सांगितलं? दगडाबाईनं, आमच्या चुलत सासूनं. आन् कवा सांगितलं, तर बापाची चिता जळत असताना. काय नडलं होतं? पण जिभेला हाड न्हाई. तवापासून भायांच्या सपनात बाप यायचा, पाठीवर बाज घेऊन बांधानं चाललेला. अर्ध्या झोपेतनं उठून बसायचे. असा गडी, मोटेचे बैल एका हातानं आवरणारा, पण सांजेला बाज दिसली की नजर दुसरीकडं न्यायचा.

आपला मुलूख हैदराबादेतनं काढून मुंबईला जोडला, त्याच्या पुढच्या माघातली गोष्ट. गव्हाला पाणी चाललं होतं. भाया मोट हाकायले होते, अक्का वाफ्यात दारं धरायली होती, मी भाकरी घेऊन गेलेली. मोटेवर गाणं म्हणायची त्यांना सवय. गाणं मधीच तुटलं. बघितलं तर बैल मोटेच्या उतारावर, धावेच्या तळाला उभे आन् भाया छाती धरून वाकलेले. माघाच्या गारठ्यात अंगावरचा सदरा घामानं चिंब. अक्का चिखलाच्या पायानं पळत आली. कुणी म्हणलं वायगोळा, कुणी म्हणलं नजर. लिंबाजी सायकल काढून जिंतूरला गेले आन् डाक्टर घेऊन आले.

डाक्टर व्यंकटराव हैदराबादला शिकलेले. बोलण्यात निम्मी उर्दू, आन् नाकावर राग. पण माणूस सोन्यासारखा. त्यांनी नळी लावली, दंडात सुई दिली, आन् भायांचा चेहरा जरा सैल पडल्यावर अक्काला बोलावून म्हणले, "काळजाला झटका बसलाय. काळजाचा एक तुकडा मेलाय. तो आता मऊ पडणार, मंग हळूहळू त्याचा वण होऊन घट्ट होणार. तोवर ह्यानं बिलकूल हलायचं न्हाई. उठायचं न्हाई, वाकायचं न्हाई, सगळं जागच्या जागी. भुईवर ठेवलं तर उठबस व्हायची. खाट आणा."

"खाट नको," भाया म्हणले. दुखण्यानं बोलवंना, पण तेवढं बोलले.

"खाट नको तर मला कशाला बोलावलं? एखादा मांत्रिक बोलवायचा."

घरात एकच बाज होती, माझी. काढली माझ्या खोलीतनं आन् ठेवली मधल्या घरात. भाया लेकरासारखे रडायला लागले. अक्कानं सगळ्यांना बाहेर काढलं, पण मी दाराआड होतेच. ती म्हणली, "मरायला न्हाई चढायलात, बरं व्हायला चढायलात. आन् यदाकदाचित वेळ आलीच, तर मी मेलेय का? बाजेवर जीव जाऊ देणार न्हाई तुमचा. आईची आन."

ह्या एका वचनापायी त्या बाईनं काय काय भोगलं! पण तवा ते साधं वाटलं होतं. आजारी माणसाची समजूत काढायला आपण बोलतोच की काहीबाही.

चार-सहा रोज बरे गेले. भाया भाकरी खायले, अक्काला चिडवायले. मला निरोप आला, "कोकिळेला म्हणावं, तिची बाज टोचती. ढेकूण माहेराहून आणले होते का?" मी दाराआडनं अक्काला म्हणलं, "म्हणावं, ढेकूण सासरचेच हायत." आतनं हसायचा आवाज आला. वाटलं, सुटलो बाबा.

आन् एका सकाळी चूल पेटवायली होते तवा आतनं खोकला ऐकू आला. असा खोकला मी ऐकला न्हवता, ओला, बुडबुड्यांचा. पळत गेलो तर भायांचे ओठ निळे आन् तोंडाला गुलाबी फेस. डोळे खोबणीतनं बाहेर यायला लागलेले. श्वास आत जाईना. दगडाबाई अंगणातच होती. तिनं एकदा बघितलं आन् वरडली, "खाली घ्या! बघत काय बसलात, खाली घ्या त्याला!"

आता ह्यात कुणाची चूक म्हणायची? सात पिढ्या हेच करत आल्या. लिंबाजी आन् शेजारच्या गड्यांनी भायांना उचललं, मी घाईघाईनं शेणाचा हात फिरवला, आन् त्यांना भुईवर आडवं केलं. पाठ भुईला लागली आन् त्या माणसाचा श्वासच बुडाला. हातपाय झाडायला लागले. पाण्यात पडलेल्याचं होतं तसं. दगडाबाई तुळशीचं पान आन् पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या तोंडाशी.

अक्कानं तिचा हात असा झटकला की तांब्या भिंतीला गेला. मागं बसली, काखेत हात घालून त्यांना वर वढलं, आन् वळून आपली पाठ त्यांच्या पाठीला लावून रेटून बसली. भाया बसते झाले. मान लोंबली. पण श्वास आला. घरघर करत, पण आला.

"मरणाऱ्याला सुखानं मरू देईना ही अवदसा," दगडाबाई म्हणली.

"म्हण मला अवदसा," अक्का म्हणली, "पण ह्यांना हात लावशील तर बघ, आत्या."

थोरल्यांना उलटून बोललेली अक्का मी पहिल्यांदा बघितली. भायांना तसंच बसतं उचलून परत बाजेवर ठेवलं, अक्का मागं पाठ लावून.

डाक्टर आले. नळी लावली आन् कितीतरी वेळ ऐकतच राहिले. मंग नळी गळ्यात टाकली. त्यांचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. म्हणले, "नवा आवाज यायलाय. काळजात दारं असतात, रक्त एका बाजूला जाऊ देतात, परत येऊ देत न्हाईत. त्या दाराला बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात. मेलेल्या तुकड्याला जी दोरी बांधलेली होती ती तुटली."

भाया एकेक शब्दाला थांबत म्हणले, "म्हंजे... सोल तुटली."

आता तुमी मोट बघितलेली न्हाई, तुमाला काय कळणार! मोटेला खाली चामड्याची सोंड असती. मोट वर येईपर्यंत ती सोंड वर धरून ठेवणारी बारीक दोरी म्हंजे सोल. ती तुटली की सोंड खाली लोंबती आन् सगळं पाणी परत विहिरीत. बैल आपले वढतच राहतात, मोट वर येती ती रिकामी.

"बिलकूल तेच," डाक्टर म्हणले. "रक्त परत मागं फिरायलंय आन् छाती पाण्यानं भरायलीय. बसवलं तर पाणी खाली राहतं, आडवं केलं तर माणूस आतल्या आत बुडतो. सकाळी तुमी ह्याला बुडवतच होता."

लिंबाजींनी मान खाली घातली. अक्कानं विचारलं, "दोरी बांधता न्हाई का येत?"

"विलायतेत काळीज उघडून शिवायचं शिकायलेत म्हणे. आपल्यापर्यंत यायला वेळ हाय, माय."

"हैदराबादला नेलं तर?"

"देवगाव फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं मोटार, पुढं रेल्वे. फाट्यालाच संपंल. एकेक हादऱ्याला उरलेल्या दोऱ्या तुटतील." मंग त्यांनी इलाज सांगितला. गोळ्या. लघवी होऊन छातीतलं पाणी उतरावं म्हणून सुई, ती ते स्वतः येऊन देणार. मीठ बंद. पाणी वाटीनं मोजून. रात्रंदिवस बसतं ठेवायचं, पाय बाजेखाली सोडलेले. "आन् ह्याला आडवं करायचं न्हाई. भुईवर तर न्हाईच. मला शब्द दे."

अक्कानं शब्द दिला. काय करती? न्हाई म्हणती?

आता बघा. नवऱ्याला सांगितलंय, बाजेवर जीव जाऊ देणार न्हाई. डाक्टरला सांगितलंय, बाजेवरनं खाली घेणार न्हाई. इकडं आड, तिकडं विहीर. आन् ही बया मधी, नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून.

त्या मधल्या घराला खिडकी न्हवती. एक दार, तेबी सोप्यात उघडायचं. तिथं तो माणूस दिवसरात बसून. झोप लागली की मान पुढं पडायची आन् गुदमरून जाग यायची. तक्क्या ठेवला, पोती ठेवली, सगळं घसरायचं. अक्काची पाठ तेवढी घसरत न्हवती. मी भाकरी आत नेऊन द्यायची ती तशीच पाठ न हलवता खायची. परसाकडं जायला उठायची तवा लिंबाजी तिच्या जागी बसायचे. मला बसता येत न्हवतं, भायाला शिवायचं कसं? मी दाराआडनं नुसती बघायची आन् मनात म्हणायची, आग लागो ह्या रीतीला. तोंडानं म्हणायची हिंमत न्हवती.

भायांना अळणी भाकरी जाईना. तहानेनं जीव कासावीस. लघवीची सुई दिली की दोन रोज बरं, मंग परत पायाला सूज. पण त्यांना त्याचं काय न्हवतं. त्यांना एकच. सांज झाली की सुरू व्हायचं, "खाली घे. दैवशा, खाली घे मला. बाबा दारात उभा हाय."

"कुणी न्हाई दारात. कोकिळा हाय."

"बाज हाय त्याच्या पाठीवर."

"कोकिळेच्या पाठीवर भाकरीची दुरडीबी न्हाई. आळशी हाय ती." असं हसून न्यायची. पण पाठ लावलेली, त्यामुळं तिचे डोळे भायांना दिसत न्हवते. मला दिसायचे.

लिंबाजी म्हणले, वैनी, भुईवरच भिंतीला टेकवून बसवू, आडवं करायला नको. तेबी करून बघायला निघालो. पण त्याआधी बाजेवरची वाकळ बदलायला त्यांना नुसतं उचललं, तर परत गुलाबी फेस आला. आन् भुईवर पाय सोडायचे कुठं? डाक्टर कडाडले, "हलवायचं न्हाई म्हणलं होतं ना? मराठीत सांगितलं होतं की फारसीत?" तेबी बंद झालं.

दगडाबाई रोज यायची. पदराच्या गाठीला तुळशीची पानं बांधून दारातच बसायची. म्हणायची, "बापाची बाज लेकाच्या पाठीला लागायची. लिहिलेलं चुकतं का?" मी एकदा म्हणलंच, "आत्या, तुमच्या तोंडाला कुणी सोल बांधली तर बरं होईल." लिंबाजींनी माझ्याकडं असं बघितलं! पण अक्का हसली. लय दिवसांनी हसली.

आन् त्याच सांजेला भाया रडले न्हाईत, मागितलं न्हाई. नुसतं म्हणले, "दैवशा, तू आन घेतली होतीस. जाऊ दे. सोडली मी तुला आनेतनं." ते अक्काला लागलं. मागणारा होता तोवर ती दटावत होती. मागणंच सोडल्यावर दटावायचं कुणाला? ती खाली बाजेच्या सुंभाकडं बघत बसली. सुंभाखाली भुई, हातभर अंतरावर. तेवढंच अंतर. लय वेळ बघितलं तिनं.

सकाळी मला हाक मारली. "कोकिळा, तुझी बाज मोडली तर तुझा बाप मला काय म्हणंल?"

"बाप काय म्हणणार? मी म्हणंन."

"मंग म्हणून घे आत्ताच. ह्यांना खाली न्यायचं न्हाई ना? मंग भुई वर आणायची."

मला वाटलं, झोप न्हाई, डोक्यावर परिणाम झाला बाईच्या. ती सांगायली, "बाजेखाली ओटा घालायचा. चारी पायांच्या आतनं, भुईपासनं सुंभापर्यंत भरीव. मंग सुंभ कापायचं. ह्यांना हलवायचं न्हाई, पाय सोडलेलेच राहतील, बसलेलेच राहतील. आन् असतील भुईवर."

तिच्या ह्या बोलण्यावर भायांनी मान वर केली. किती दिवसांनी केली असंल!

त्या दिवसापासनं घरात दुसरं काम न्हाई. पांढरीची माती लिंबाजींनी गाडीनं आणली. काळी माती न्हाई चालायची, वाळली की फाटती. मी अंगणात चाळायची, पाणी बेतानं शिंपडायची, पाट्या भरून दारात ठेवायची. ओटा धुमसानं ठोकतात, पण ठोकलं तर भायांना हादरा. मंग अक्का पोटावर पडून बाजेखाली शिरायची आन् तळहातानं दाबून दाबून माती बसवायची, थरावर थर. तेवढा वेळ लिंबाजी भायांच्या पाठीला. एक थर सुकला की दुसरा. अक्काच्या तळहाताची सालं निघाली. केसात माती, भुवईत माती. मी म्हणलं, "अक्का, कुंभारमाशी म्हणलं होतं मी, उगंच न्हवतं." ती बाजेखालनंच म्हणली, "तोंड चालव, पण हातबी चालव."

भाया वरनं विचारायचे, "कुठवर आली?"

"गुडघ्याला आली."

दुसऱ्या दिवशी परत, "कुठवर आली?" आता माती सुंभाच्या इतकी जवळ आली होती की अक्काला खाली शिरता येईना. ती बाजूनं हात घालून भरायली. भाया बोटं सुंभातनं खाली घालायचे आन् ओल लागती का बघायचे. ज्या दिवशी लागली, त्या दिवशी ते बोट कपाळाला लावून बसले. आजारी पडल्यापासनं तसं सुख त्यांच्या तोंडावर दिसलं न्हवतं. दाराआड मलाच रडू फुटलं.

दगडाबाईला कळलं. आली तरातरा. "ओटा म्हंजे भुई व्हय?"

अक्का म्हणली, "आत्या, तुळशीचा ओटा भुई हाय का न्हाई? देवळाचा चौथरा?"

"ते येगळं."

"काय येगळं? भुईला चिकटलेली माती म्हंजे भुई. मधी फट ठेवली न्हाई मी. घाल हात, बघ."

म्हातारी हट्टी, पण रीतीची पक्की होती. खरंच वाकली. चारी बाजूंनी हात फिरवून बघितला, कान लावून पोकळ वाजतंय का बघितलं. मंग म्हणली, "भुई हाय. पण लाकूड ह्याच्याभवती हाय तोवर बाजच म्हणायची. लाकूड काढावं लागंल." एवढं म्हणून ती बसली न्हाई, सुंभ कापायला स्वतःचा विळा घेऊन आली. माणसाचं काय सांगावं.

सुंभ कडेकडेनं कापलं आन् भायांच्या खालनं एकेक तुकडा सुईच्या दोऱ्यासारखा वढून काढला. ते हललेसुद्धा न्हाईत. वाकळेसकट मातीवर टेकले. आता राहिला नुसता बाजेचा सांगाडा, चार पाय, चार लाकडं, मधी ओटा, ओट्यावर भाया आन् त्यांच्या पाठीला अक्का. चार गडी चार पायांना लागले. भायांनी पाय तेवढे जरा वर घेतले. आन् बाज उचलली, सरळ वर, गुडघ्यावरनं, खांद्यावरनं, दोघांच्या डोक्यावरनं. दगडाबाई मधीच म्हणली, "सावकाश, मेल्यांनो, सावकाश." बाज दारातनं बाहेर गेली. भाया तिच्याकडं बघत राहिले, ती दिसंनाशी होईपर्यंत. नजर वळवली न्हाई त्यांनी.

मंग अक्काला म्हणले, "कोकिळेला म्हणावं, बरा झालो की बाज विणून देतो."

पुढच्या वेळेला डाक्टर आले. बघितलं, ओट्यावर दोनदा बुक्की मारली, आन् म्हणले, "हे कुणाचं डोकं?" अक्कानं मातीचे हात पदराखाली घेतले. म्हणले, "कमाल हाय. हलवला न्हाई, आडवा केला न्हाई. मला रागवायला जागाच ठेवली न्हाई तुमी." त्या दिवशी त्यांनी आमच्यात चहा घेतला.

त्या ओट्यावर भायांना झोप लागली. बसूनच, अक्काच्या पाठीवर, पण लागली. बाप परत सपनात आला न्हाई. मला वाटलं, आता बरंच होतंय सगळं. पी हळद अन् हो गोरी, तसा माझा स्वभाव. पण तुटलेली सोल तुटलेलीच होती. चैत्र लागला. तापल्या पत्र्यासारखं ऊन. सूज पायावरनं पोटावर आली. सुई द्यावी तर लघवी होईना. डाक्टर दारात उभे राहून अक्काला म्हणले, "माय, माझ्याकडचं संपलं." आन् एवढा तापट माणूस, चष्मा पुसत बैलगाडीत बसला.

त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, दुपार कलली होती. लिंबाजी रानात. मी सोप्यात गहू निवडायली होते. आतनं भायांचा आवाज आला, तुटत तुटत.

"दैवशा, आडवा होऊ दे."

"डाक्टर न्हाई म्हणलेत."

"डाक्टरला ठावं हाय. मलाबी ठावं हाय." जरा थांबले. "बसून बसून मोडलो गं. तुझीबी पाठ मोडली. भुईवर हाय ना मी?"

"भुईवर हाय."

"मंग?"

मला सुपातला गहू दिसंना. मंग अक्कानं हाक मारली, "कोकिळा, आत ये. पदर राहू दे. पाय धर त्यांचे."

मी गेले. भायांचे पाय दोन्ही हातांनी धरले, सुजलेले, थंड. जन्मात पहिल्यांदा शिवले त्यांना. भायांनी माझ्याकडं बघितलं, सरळ, तोंडाकडं, आन् म्हणले, "कोकिळा. बाज चांगली होती तुझी."

मला "जी" म्हणायचं होतं. म्हणलं का न्हाई, आठवत न्हाई.

अक्का हळूच पाठीमागनं सरली. एक हात त्यांच्या मानेखाली, एक कमरेखाली. मी पाय ओट्यावर घेतले. आन् आमी दोघींनी त्यांना आडवं केलं. दिवसभर मोट हाकून आलेला माणूस घोंगड्यावर पडला की "हां" म्हणतो ना, तसं ते "हां" म्हणले. तळहात मातीवर पसरले. छातीतलं पाणी वर यायला लागलं, पण त्यांनी हातपाय झाडले न्हाईत. अक्कानं तोंडात पाणी घातलं. डाक्टरनं मोजून दिलेलं न्हाई, तांब्याभर. पिले तेवढं पाजलं.

दगडाबाई पळत आली, पदराची गाठ सोडत. सवयीनं दारातनंच वरडली, "खाली घेतलं का गं त्याला?"

अक्का म्हणली, "घेतलं, आत्या. झोपलेत."

गावातली माणसं जमली, रडारड झाली, नेलं त्यांना. घर रिकामं झालं. मी आत गेले तर अक्का ओट्याच्या कडेला बसलेली, मागं काय न टेकता, पण जरा मागं रेलून, कुणी पाठीला असल्यागत. मी म्हणलं, अक्का, आडव्या व्हा जरा. ती म्हणली,

"कोकिळा, माझ्या पाठीला अजून वजन का लागायलंय गं?"

मी तिच्या मागं बसले आन् पाठ चोळत राहिले.